स्टेअरिंग आणि डॅशबोर्डवरची बटणं : कुठलं कधी दाबायचं, कुठलं अजिबात नाही?

मार्कंडेयकाठ (धागा सुरू)

गाडी २०२१ ची, पेट्रोल, हाताचा गिअर, सेकंडहँड. सोबत कंपनीचं पुस्तक मिळालेलं नाही. स्टेअरिंगवर दोन्ही बाजूंना बटणं, उजव्या गुडघ्यापाशी आणखी पाच, मधे एसीची रांग. गाणी आणि फोन सोडून बाकीचं वापरात नाही. पुढच्या आठवड्यात बेळगावहून जांबोटी-चोर्ला घाटातून पणजीला जायचं आहे, आणि पावसानं जोर धरलाय. आधी एवढं सांगा :

१. गुडघ्याजवळच्या एका बटणावर गाडीचं चित्र आणि खाली नागमोडी रेघा आहेत. दाबलं की मीटरमध्ये पिवळा दिवा लागतो. घाटात हे चालू ठेवायचं ना?
२. ८० च्या वर गेलं की टिंग-टिंग वाजतं. ते कुठल्या बटणानं बंद होतं?
३. समोरची काच आतून पांढरी होते. गाडीच्या चित्रात वळलेला बाण असलेलं बटण दाबूनच ठेवलंय, तरी होते.
४. आवाज वाढवायचं बटण दाबलं की कधी आवाज वाढतो, कधी गाणंच बदलतं.

---

चोर्लावळण

पहिल्याचं आधी, कारण तिथं उलटा घोळ झालाय. ते बटण दाबल्यावर काही चालू होत नाही, बंद होतं. घसरण रोखणारी यंत्रणा, म्हणजे ईएससी किंवा ईएसपी, गाडी सुरू केली की आपोआप चालूच असते. बटण दाबलं की ती बंद होते आणि "बंद आहे" हे सांगायला पिवळा दिवा जळत राहतो. म्हणजे घाटात, ऐन पावसात, नेमकी हवी तेव्हा तुम्ही ती काढून ठेवणार होता.

दिवा कसा लागतो ते बघा. गाडी चालताना दिवा लुकलुकला तर यंत्रणा काम करतेय : एखादं चाक घसरलं म्हणून तिनं इंजिनाचा जोर कमी केला किंवा त्या चाकाला ब्रेक लावला. पाय हलका करायचा, बस्स. दिवा न लुकलुकता जळत राहिला आणि बटण दाबलेलं नसेल, तर यंत्रणेत बिघाड आहे.

मग बंद करायचं बटण दिलंच कशाला? चिखलासाठी. खानापूरच्या तांबड्या चिखलात किंवा रायबाग-अथणीकडच्या काळ्या रानात चाक जागेवर फिरायला लागलं की यंत्रणा इंजिनाचा दम काढून घेते. तुम्ही ॲक्सिलेटर दाबताय आणि गाडी ढिम्म. तेवढ्यापुरतं बंद करायचं, दुसऱ्या गिअरात हळू क्लच सोडत बाहेर काढायची आणि डांबरीवर आलं की परत चालू. बऱ्याच गाड्यांत एकदा दाबलं तर फक्त चाकाची घसरण रोखणारा भाग बंद होतो, आणि तीनेक सेकंद दाबून धरलं तर सगळंच.

त्याच रांगेत उतारावरच्या गाडीचं चित्र असेल तर ते हिल डिसेंट. कमी वेगात, तीव्र कच्च्या उतारावर गाडी स्वतः ब्रेक मारत उतरते, तेव्हा खालून गरगर आवाज येतो, घाबरायचं नाही. चोर्ल्याच्या डांबरी उतारासाठी ते नाही. तिथं ज्या गिअरात चढला असता त्याच गिअरात उतरायचं. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल मोडमध्ये घेऊन वजा करायचं. स्टेअरिंगमागे पाकळ्या असतील तर डावी वजा, उजवी अधिक.

---

निपाणी_स्टेरिंग

दोन नंबर, ८० ची टिंग-टिंग : कुठल्याच बटणानं बंद होत नाही आणि तो बिघाडही नाही. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या सगळ्या कारना हा वेगाचा इशारा सक्तीचा आहे. ८० च्या वर थोड्या थोड्या वेळानं वाजतो, १२० च्या वर सलग. सोबत सीटबेल्टची घंटी आणि मागच्या पार्किंगचे सेन्सरही त्याच नियमात आले. बेल्टची घंटी बंद करायला खोटी क्लिप बकलात अडकवतात, ती आधी काढून फेका. गाडीला वाटतं बेल्ट लागलाय.

मीटरमध्ये सेटिंगात वेगाचा आणखी एक इशारा असतो, तो आपल्याला हवा तो आकडा घालून ठेवता येतो. तो बंद करता येतो, हा ८० चा नाही.

---

खानापूर_आक्का

काचेचं मी सांगते. वळलेल्या बाणाचं बटण म्हणजे आतलीच हवा आत फिरवणं. धुळीत, ट्रकच्या धुरामागं, उन्हाळ्यात एसी लवकर गार व्हायला ते बरोबर. पावसात चौघं-पाचजण बसलेत, पायाखाली ओल्या मॅट, मागं भिजलेल्या छत्र्या, आणि हवा तीच तीच. त्या सगळ्याची वाफ गार काचेवर बसते. रुमालानं पुसून उपयोग नाही, दोन मिनिटांत परत येते आणि रात्री समोरच्या लाईटला काचेवर फराटे दिसतात ते वेगळे.

क्रम असा :
बाणाचं बटण बंद करा, म्हणजे बाहेरची हवा आत येईल. एसी चालू. हवेचा रोख काचेवर (पंख्याच्या आकाराची काच आणि वर जाणारे वाकडे बाण). पंखा तीनवर. तापमान अगदी गार नको, मध्यावर किंवा थोडं गरमकडं. एसी गार करायला नाही लावायचा, हवेतलं पाणी काढायला लावायचा. ते पाणी नळीतून गाडीखाली ठिबकतं. मिनिट-दीड मिनिटात काच खालून वर साफ होत जाते.

चौकोनातले वाकडे बाण मागच्या काचेचे. काचेत ज्या बारीक तपकिरी रेघा आहेत त्या तापतात. ते भरपूर करंट खातं, म्हणून दहा-वीस मिनिटांनी आपोआप बंद होतं. बिघडलं समजू नका. इंजिन बंद असताना लावू नका. आणि मागच्या काचेवरचे स्टिकर ब्लेडनं खरवडू नका, रेघ एकदा तुटली की तेवढी पट्टी कायम धुरकट राहते.

---

चिकोडीचा_गडी

आक्का, एक शंका. बाहेर मुसळधार पाऊस म्हणजे बाहेरची हवा पण ओलीच की. मग ती आत घेऊन काय फायदा? आतली हवा फिरवत एसी लावला तर चालत नाही का?

---

खानापूर_आक्का

चालतं, एसी चालू असेल तोवर. खरं काम एसीच करतो, बाण नव्हे. पण माणसं श्वास सोडत राहतात, आतलं पाणी वाढतच जातं, आणि कुणीतरी "गार होतंय" म्हणून एसी बंद केला की पन्नास सेकंदांत समोर पांढरं. बाहेरची हवा चालू असली तर तेवढा वेळ तरी मिळतो. म्हणूनच बऱ्याच गाड्यांत समोरच्या काचेचं बटण दाबलं की गाडी आपणहून एसी चालू करते आणि बाण बंद करते.

दुसरा प्रकार लोक ओळखत नाहीत : काच बाहेरून पांढरी होणं. आंबोलीत किंवा चोर्ल्यात एसी अगदी गारवर, रोख काचेवर. काचच इतकी गार होते की बाहेरच्या हवेचं दव तिच्यावर बसतं. आतून कितीही पुसा, जाणार नाही. वायपर एक फेरी मारा. पुसलं गेलं तर ते बाहेरचं आहे. मग तापमान वाढवा आणि रोख पायाकडं वळवा.

---

चिकोडीचा_गडी

वायपरची खूण आवडली. असं कुणी सांगतच नाही, नुसतं एसी लाव म्हणतात.

---

उद्यमबाग_वायरिंग

चार नंबर. बटण दाबूलालाय आवाजाला आणि गाणं बदलूलालंय, हे बहुतेक वेळा बटणाच्या आतल्या घाणीचं काम. कसं ते बघा.

स्टेअरिंगवरच्या गाण्याच्या सगळ्या बटणांना मिळून बऱ्याच गाड्यांत दोनच वायरी असतात. प्रत्येक बटणामागं वेगळ्या मापाचा रेझिस्टर. कुठलं दाबलं ते स्टिरिओ व्होल्टेजवरून ओळखतो. बटणाखालच्या रबरी टोपीला काळा कार्बनचा ठिपका असतो, तो पट्टीवर टेकला की जोडणी होते. तिथं धूळ, घाम, नाहीतर डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे गेला की रेझिस्टन्स बदलतो आणि आवाजाचं माप शेजारच्या बटणाच्या मापात जाऊन पडतं. ऊस तोडणीच्या दिवसांत रस्त्यावर जो भुसा उडतो तो काचा उघड्या ठेवल्या की इथंच बसतो. स्प्रे थेट बटणावर मारणं तर बंदच करा. फडक्यावर मारा, मग पुसा.

घरी करण्यासारखं : गाडी बंद, बटण पंधरा-वीस वेळा दाबा. पुष्कळदा तेवढ्यानं ठिपका घासून साफ होतो. नाही तर मऊ ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल, ब्रश ओला पण टिपकता नको, बटणाच्या फटीतून फिरवा, अर्धा तास वाळू द्या.

आता नीट वाचा. बटणं, हॉर्न दोन्ही एकदम गेली आणि मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा लागला, तर बटणात काही नाही. ती क्लॉक स्प्रिंग. स्टेअरिंगच्या मागं प्लास्टिकच्या गोल डबीत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी केबल असते, स्टेअरिंग फिरतं तशी ती उलगडते, गुंडाळते. हॉर्न, बटणं, एअरबॅग सगळ्यांची वाट तिथनंच. कुणी स्टेअरिंग काढून परत बसवताना ती डबी मधोमध न ठेवता बसवली की एका बाजूला पूर्ण वळवल्यावर केबल तुटते. वळताना कागद घासल्यासारखा खसखस आवाज येत असला तर तुटायच्या बेतात आहे.

हे काम घरी नको. करणारा कोण असेल त्यानं आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून निदान दहा मिनिटं थांबलं पाहिजे. एअरबॅगच्या पिवळ्या कप्लरला मल्टिमीटर लावायचा नाही, मीटरच्या बारीक करंटनंसुद्धा बॅग फुटू शकते. आणि जुळवाजुळवीची जुनी क्लॉक स्प्रिंग बसवू नका. हॉर्न वाजतो म्हणून एअरबॅग पण उघडेल असं नाही.

---

मार्कंडेयकाठ

हॉर्न वाजतो, एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझतो. म्हणजे घाणच. एक राहिलं, स्टिरिओ आधीच्या मालकानं बाहेरून बसवलेला आहे, मोठ्या स्क्रीनचा. त्यामुळं तर नाही?

---

उद्यमबाग_वायरिंग

हे आधी सांगायचं की अण्णा!

बाहेरच्या स्टिरिओला बटणं शिकवावी लागतात. सेटिंगमध्ये स्टेअरिंगचं चित्र असलेलं पान उघडा. जुनं सगळं पुसा. स्क्रीनवर "आवाज वाढवा" निवडा, स्टेअरिंगवरचं तेच बटण दोन सेकंद धरा, नोंद झाली की पुढचं. सगळी झाल्यावर सेव्ह. इंजिन चालू ठेवून करा; नुसत्या बॅटरीवर शिकवलं तर इंजिन चालू झाल्यावर व्होल्टेज चढतो आणि काही स्टिरिओ गडबडतात. बटणं साफ केल्यानंतरच शिकवा, नाहीतर घाणीचंच माप शिकून ठेवाल.

शिकवलेलं दुसऱ्या दिवशी विसरत असेल तर मागं पिवळी आणि लाल वायर उलटी जोडलीय. पिवळी कायम १२ व्होल्टची, लाल चावीनंतरची. स्क्रीन दिवसापण मंद असेल तर नारिंगी बघा. ती पार्किंग लाईटच्या वायरीला हवी, म्हणजे रात्रीच मंद होईल. वायरी तोडून टेप गुंडाळलेली दिसली तर कप्लरवाला हार्नेस (तयार वायरींचा जुडगा) घाला. चिकटपट्टीच्या सांध्यावर पावसाळा निघत नाही.

आणि स्क्रीनवर फोनमधली नावं चौकोन चौकोन दिसत असतील तर तो वायरिंगचा दोष नाही. काही स्टिरिओंत देवनागरी आणि कन्नड अक्षरंच नसतात. अर्ध्या बेळगावच्या फोनमध्ये दोन्ही असतात, त्याला कोण काय करणार.

---

घटप्रभा_काठ

लाईटचं कुणी बोललं नाही, आणि चोर्ल्याला जाणाऱ्याला तेच पहिलं हवं.

समोर पांढरे डीआरएल (दिवसा आपोआप जळणारे दिवे) जळताना दिसतात म्हणून लाईट लावली असं समजू नका. बहुतेक गाड्यांत डीआरएलवर मागचे लाल दिवे लागत नाहीत. धुक्यात मागून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. "ऑटो"वर पण विसंबू नका. सेन्सर उजेड मोजतो, धुकं नव्हे. दिवसाचं पांढरं धुकं त्याला भरपूर उजेड वाटतं. हातानं डिप्पर लावा. अप्पर नको, धुक्यात समोर पांढरी भिंत उभी राहते.

फॉगची, म्हणजे धुक्यातल्या दिव्यांची, चिन्हं दोन. दिव्यातून निघणाऱ्या रेघा डावीकडं तिरप्या खाली आणि हिरवा दिवा, तो पुढचा. रेघा उजवीकडं आडव्या आणि पिवळा दिवा, तो मागचा लाल. मागचा फक्त शंभरेक मीटरच्या पुढचं दिसत नसेल तेव्हाच. धुकं गेलं की बंद. तो ब्रेक लाईटइतकाच भगभगीत असतो, मागच्याला तुम्ही ब्रेक मारलाय की नाही कळत नाही.

आणि लाल त्रिकोण. आपल्याकडं त्याला "पार्किंग" म्हणतात, तिथंच गोंधळ. पावसात चारी इंडिकेटर लावून गाडी चालवतात. मग वळताना इंडिकेटर देणार कसा? तो थांबलेल्या गाडीसाठी. गाडी बंद पडली, टायर फुटला, तेव्हा.

---

चिकोडीचा_गडी

पण अण्णा, वंटमुरी घाटात पुढं अचानक सगळं थांबलेलं दिसलं तर मागच्याला कसं कळवायचं? हायवेला सगळे लावतात.

---

घटप्रभा_काठ

तेवढ्यापुरता लावा, पाच-सहा सेकंद, मागची गाडी हळू झाली की बंद. काही गाड्या जोरात ब्रेक मारल्यावर स्वतःच लावतात. माझा विरोध कोगनोळी ते हिरेबागेवाडी पाऊसभर टिकटिक करत जाणाऱ्यांना आहे.

आणखी एक दुर्लक्षित चाक : ० ते ३ आकड्यांचं, बाजूला दिव्याचं चित्र. हेडलाईटचा झोत खाली-वर करतं. एकटे किंवा पुढं दोघं असाल तर ०. पाचही सीट भरल्या की १, वर डिक्कीत सामान असेल तर २. चालक एकटा आणि डिक्की गच्च भरलेली, तर ३. मागं वजन पडलं की पुढचं तोंड वर होतं आणि डिप्परसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नसतो हे खरं, पण ती दिसायला झोत रस्त्यावर पडायला हवा, झाडावर नव्हे.

---

निपाणी_स्टेरिंग

क्रूझबद्दल (ठरवलेला वेग गाडी स्वतः धरून ठेवते ती सोय) थोडं, कारण स्टेअरिंगच्या उजव्या बाजूची बटणं तीच असणार. स्पीडोमीटरच्या चिन्हाचं बटण म्हणजे मुख्य. ते दाबून नुसतं तयार होतं. हव्या वेगाला आलं की सेट. साधारण ४० च्या खाली धरत नाही. ब्रेक किंवा क्लच दाबला की सुटतं.

घोटाळा "रेझ्युम"मध्ये. हत्तरगी टोलनाक्यावर थांबून निघालात, ५० वर असताना रेझ्युम दाबलं की गाडी जुन्या ९० कडं स्वतः पळायला लागते. पुढं कोण आहे हे साध्या क्रूझला दिसत नाही. चौपदरीवर, कोरड्यात, दिवसा ठीक. पावसात आणि घाटात मुख्य बटणच बंद ठेवा.

युरोपियन बनावटीची गाडी चालवायला घेणाऱ्यांसाठी : तिच्यात इंडिकेटर डाव्या दांड्यावर, वायपर उजव्या. आपल्या जपानी, कोरियन, देशी गाड्यांत उलट. पहिले दोन दिवस प्रत्येक वळणाला कोरड्या काचेवर वायपर फिरतो.

---

मार्कंडेयकाठ

बटणं साफ केली, परत शिकवली, आवाज आता आवाजच वाढवतो. उद्यमबाग अण्णांना कुंद्याची मिठाई लागू.

शेवटचं : सकाळी गाडी काढली की घोड्याच्या नालासारख्या चिन्हात उद्गारचिन्ह, पिवळं. दहा-बारा किलोमीटरनंतर जातं. हवा तर भरलीय.

---

चोर्लावळण

टायरच्या हवेचा इशारा. हवा कधी भरली? दुपारी, गाडी पळवून पंपावर गेल्यावर ना? टायर गरम असताना ३३ भरली म्हणजे गार झाल्यावर ३० च्या आसपास येणार. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं तरी साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी होतो, आणि बेळगावची पहाट दुपारपेक्षा गारच असते. चालवून टायर तापला की दाब चढतो, दिवा विझतो.

सकाळी, तीन किलोमीटरच्या आत असलेल्या पंपावर, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढी भरा. पाच माणसांचा आकडा वेगळा दिलेला असतो, पणजीला जाताना तो घ्या. त्यानंतर गाडीत या चिन्हाचं बटण असेल तर दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा. ज्या गाड्या चाकाच्या फिरण्यावरून हवा ओळखतात त्यांना नवीन दाब असा सांगावा लागतो. टायर बदलले, चाकं पुढची मागं केली, तरी हेच.

एवढं करूनही एकाच चाकाची हवा आठवड्यात दोन-तीन पीएसआय उतरत असेल तर खिळा शोधा. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून बुडबुडा येतो का तेही बघा. दहापैकी निम्मे पंक्चर तिथंच सापडतात असं पंक्चरवाले म्हणतात, ते थोडं फुगवून असेल, पण बघायला पैसे पडत नाहीत.

---

खानापूर_आक्का

आणि निघायच्या आधी चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, मीटर बघा. सगळे दिवे लागले पाहिजेत. तेलाचा डबा (इंजिन ऑइल), बॅटरी, एअरबॅग, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा). सुरू केल्यावर काही सेकंदांत विझले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही तो जास्त वाईट. सेकंडहँड गाडीत एअरबॅगचा बिघाड लपवायला दिवाच काढून टाकलेला असतो.

घाटात तेलाचा लाल डबा लागला तर गॅरेज जवळ आहे का बघत बसू नका, बाजूला घेऊन इंजिन बंद. तो तेलाचा दाब गेल्याचा दिवा आहे, पाच मिनिटं चालवलं तर इंजिन बसतं. पिवळं इंजिन नुसतं जळत असेल तर सावकाश बेळगावला परत या. लुकलुकत असेल तर एखादा सिलिंडर फुकट जातोय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिकला (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाला) तापवून खलास करतंय. मग पाय एकदम हलका, आणि जांबोटीच्या पुढं जाऊच नका.